कथावाचनाची प्रत: तिसरा टप्पा

ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात लेखकाने स्वतःची कथा वाचायची आणि ती कशी घडली ते विद्यार्थ्यांना दाखवायचे, अशा बैठकीसाठी वाचनप्रत बांधण्याचे काम तिसऱ्या टप्प्यावर आले आहे. वेळ आणि आवाज आधीच्या दोन टप्प्यांत बसले होते. या वेळी हात घातला तो मजकुराला, आणि खरा फरक पडला तो इथेच.

वेळेचे गणित नव्याने येणाऱ्यांसाठी पुन्हा देतो. मराठी गद्य सभागृहात नीट पोचेल असे वाचले तर मिनिटाला ११० ते १२० शब्द होतात. घरी मनातल्या मनात वाचून वेळ लावली की हा आकडा फुगतो आणि प्रत्यक्षात शेवटची दोन पाने धावत संपवावी लागतात. ५० मिनिटांच्या तासात वाचनाला १५ मिनिटे, म्हणजे जेमतेम १७०० शब्द. तेही सलग नकोत. साडेसात मिनिटांचे दोन उतारे आणि मध्ये लेखकाचे बोलणे ही मांडणी सर्वांत चांगली ठरते. ज्या उताऱ्याआधी तीन वाक्यांपेक्षा जास्त पार्श्वभूमी सांगावी लागते, तो उतारा बाजूला ठेवावा.

आता मजकूर. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, आणि वाचणाऱ्याचा श्वासही नेमका तिथेच संपतो. ‘तो त्या रात्री घरी गेला नाही’ यातला ‘नाही’ गिळला गेला की मागच्या रांगेतल्या श्रोत्यासाठी तो घरी गेलेला असतो आणि पुढची सगळी कथा उलटी होते. उपाय असा: वाक्यातल्या शेवटच्या दोन शब्दांखाली रेघ ओढायची आणि श्वास त्यांच्या आधी घ्यायचा, नंतर नाही. अर्ध्या विरामाला एक तिरकी रेघ, पूर्ण विरामाला दोन. वीस शब्दांच्या पुढे गेलेले वाक्य वाचनप्रतीत तोडायचे. छापील पुस्तकात ते आहे तसेच राहू दे.

‘उठून, दार उघडून, कंदील घेऊन’ अशी ऊनवाल्या शब्दांची साखळी डोळ्याला गोड वाटते. कानाला मात्र तिसऱ्या कडीपर्यंत कर्ता आठवत नाही. तिथे कर्त्याचे नाव पुन्हा घालावे. च आणि ज यांचे दोन उच्चारही आधीच खुणावून ठेवावेत. ‘जरा थांब’ मधला जरा आणि म्हातारपण या अर्थाचा जरा लिहायला एकच, बोलायला वेगळे. दंतमूलीय उच्चाराच्या, म्हणजे ‘जरा थांब’ मधल्या ज सारख्या अक्षराखाली एक टिंब पुरते.

गोव्यातल्या मराठी कथेत निवेदन मराठीत आणि संवाद कोंकणीत, हे नेहमीचेच. वाचताना याचा मोठा फायदा होतो. भाषा बदलली की बोलणारा कोण ते कळतेच, म्हणून ‘तो म्हणाला’ बिनधास्त काढता येते. दोघेही कोंकणीत बोलत असतील तर मात्र ते ठेवावे लागते, आणि तेही संवादाच्या आधी आणावे. छापताना ते नंतर शोभते. ऐकणाऱ्याला तोवर उशीर झालेला असतो. प्रत्येक कोंकणी वाक्यामागे मराठी अर्थ जोडू नये, संवाद तिथेच मरतो.

कागद: १०० जीएसएम (चौरस मीटरला १०० ग्रॅम वजनाचा), एकाच बाजूला छपाई, १६ पॉइंट, दीडपट ओळ. पानाचा खालचा चौथा भाग कोरा, नाहीतर मान खाली जाते आणि आवाज छातीत अडकतो. वाक्य पानाच्या शेवटी तुटू द्यायचे नाही. पिन मारायची नाही, पाने डावीकडे सरकवायची. पावसाळ्यात पातळ कागद ओल धरतो आणि दोन पाने एकदम सरकतात. माईक तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर, थोडा बाजूला. समोर धरला तर ‘फ’ आणि ‘भ’ फुटतात. रेकॉर्डिंगची पातळी उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये, कारण टाळ्या आवाजापेक्षा नेहमीच मोठ्या असतात.

लेखनकला दाखवायला लागते एकच ए-४ पान: एकाच परिच्छेदाचा पहिला खर्डा, छापील रूप आणि खुणा केलेली वाचनप्रत. हे पान वाचन झाल्यावरच वाटायचे. आधी दिले की सगळे डोळ्यांनी पुढे पळतात आणि सभागृहभर कागद वाजतो. पान हातात असले की प्रश्नही बदलतात. प्रेरणा कुठून मिळाली हे कोणी विचारत नाही, तिसरे वाक्य का गेले ते विचारतात. विद्यापीठातल्या वाचनाला हा प्रश्न मिळाला पाहिजे, त्यासाठी एवढी खटपट योग्यच आहे.

पुढचा टप्पा कवितेचा. गद्याच्या खुणा तिथे चालत नाहीत, तिरक्या रेघांनी वृत्त मोडते. बा. भ. बोरकर, ज्यांच्या नावाने विद्यापीठात अध्यासन आहे, आपल्या कविता गाऊन म्हणत. चालीवर म्हटले की ओळीचा शेवट झाकला जातो, म्हणून तिथे खूण लागेल ती ओळीच्या सुरुवातीला. त्यांचे निधन १९८४ सालचे, म्हणजे त्यांच्या कवितांवरचा हक्क २०४४ अखेरपर्यंत आहे. ध्वनिफीत नेटवर चढवायची असेल तर वारसांची लेखी परवानगी आधी घ्यावी. हयात लेखकांकडून वाचनाची आणि ध्वनिमुद्रणाची अशा दोन वेगळ्या सह्या घेतो.