मेंटेनन्सच्या मागे

परवा दुपारी भाचीची घरी राहिलेली फाइल द्यायला नेरुळच्या एका कॉलेजच्या आवारात गेलो होतो. फाटकावरच्या रखवालदाराला वसतिगृह विचारले, तेव्हा ग्रंथालय, सभागृह, दर्शनी काचेची इमारत यांपैकी कशाचेही नाव न घेता तो म्हणाला, "मेंटेनन्सच्या मागे."

मेंटेनन्स म्हणजे पत्र्याची शेड जोडलेले एक बैठे बांधकाम. दाराशी रंगाचे रिकामे डबे आणि एक पाय तुटलेला बाक. आत खिळ्यांना टांगलेल्या किल्ल्या, प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून बॉलपेनने लिहिलेले नाव. साऱ्या आवाराची गळती थांबवणाऱ्या या इमारतीच्या स्वतःच्या छपरावर निळी ताडपत्री होती आणि भिंतीच्या भेगेतून हातभर पिंपळ फुटला होता. तो काढण्याचा अर्ज बहुधा त्याच कार्यालयात पडून असावा.

नवी मुंबईत पत्ता सेक्टरने लिहितात आणि खुणेने सांगतात. नेरुळचे स्टेडियम २००८ पासून महामार्गावरून दिसते आहे, तरी रिक्षावाला "कोणतं गेट?" असे विचारतोच; उलट 'एल. पी.' एवढे म्हटले की बसमधले निम्मे लोक उठतात आणि त्या दोन अक्षरांचा अर्थ कोणी विचारत नाही.

आम्ही वाशीला राहायला आलो तेव्हा लोकल यायची होती. ती १९९२ साली आली. सिडकोच्या इमारती इतक्या जुळ्या, की पहिल्याच आठवड्यात शाळेतून येऊन मी भलत्याच घरात शिरलो. जिना तोच, दाराचा रंग तोच, मोरीही तिथेच. दप्तर टाकून "आई, भूक" म्हटल्यावर स्वयंपाकघरातून एक अनोळखी काकू बाहेर आल्या. त्यांनी आधी गूळपोळी दिली आणि मग कुठे राहतोस ते विचारले. संध्याकाळी बाबांनी मला पंपघरापाशी नेऊन उभे केले, जिथे मोटारीची घरघर चपलेतून तळपायांना जाणवत असे, आणि म्हणाले, "इथून तिसरी." तेव्हापासून कोणत्याही नव्या जागी मी आधी पंपघर, मीटरची खोली असले काहीतरी हेरून ठेवतो. बायकोच्या मते हा आजार आहे.

भाची धावत आली, फाइल उघडून पाहिली आणि गप्प राहिली. घरी तशाच निळ्या तीन फायली आहेत.