तुम्ही विचारलंत म्हणून: शायान बोडीला पुढच्या आठवड्यात परत यायचं असतं

मी मालिका लिहिते. पटकथेच्या कार्यशाळेत शिकवायला गेले की हा प्रश्न हमखास येतो, आणि घरातल्या लग्नकार्यातही कुणीतरी काढतंच: "मालिकांमध्ये जुन्या सिनेमांच्या गोष्टी उचलतात, ती चोरी नाही का हो?" गेल्या महिन्यात एका मुलीनं तो इतक्या कळकळीनं विचारला की दोन वाक्यांत तिची बोळवण करणं मला बरं वाटेना. लिहून पाठवते म्हटलं होतं. ते हे.

उत्तरासाठी मला अमेरिकेत, १९५५ सालात जावं लागतं. तिथे ही उचल अगदी उजेडात झाली, आणि मूळ सिनेमा व मालिका शेजारी शेजारी ठेवून बघता येतात.

आधी सिनेमा सांगते. 'द ट्रेझर ऑफ द सिएरा माद्रे', १९४८, वॉर्नर ब्रदर्सचा, दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन. मेक्सिकोत अडकलेले दोन कफल्लक अमेरिकन एका म्हाताऱ्या खाणकऱ्याला धरून डोंगरात सोनं शोधायला जातात. सोनं सापडतं, आणि तिथूनच सगळं बिनसतं. हम्फ्री बोगार्टचा डॉब्ज आधी जोडीदारांकडे संशयानं बघायला लागतो, मग त्याची झोप उडते, मग तो एकावर गोळी झाडतो. शेवटी एकटा निघालेला असताना पाणवठ्यावर दरोडेखोर त्याला मारतात. त्यांना हवी असतात गाढवं आणि त्यांच्या पाठीवरची कातडी. कातड्यांमधल्या पिशव्यांत त्यांना वाळू दिसते. वजन वाढवून गिऱ्हाइकाला फसवायला भरली असेल, असं समजून ते ती ओतून टाकतात. ती वाळू म्हणजे दहा महिने राबून काढलेलं सोनं. वावटळ उठते आणि ते जिथून आणलं त्या डोंगराकडे उडून जातं. मागाहून आलेल्या म्हाताऱ्याला रिकाम्या पिशव्या दिसतात आणि तो पोट धरधरून हसत सुटतो. हे काम वॉल्टर ह्यूस्टन यांनी केलं, दिग्दर्शकाच्या वडिलांनी. बापलेक दोघांनाही त्यासाठी ऑस्कर मिळालं.

माझी सगळ्यात आवडती जागा मात्र थोडी आधी येते. निघायच्या वेळी म्हातारा अडून बसतो: आपण ह्या डोंगराला जखम केली आहे, ती बुजवल्याशिवाय जायचं नाही. आणि ते खरोखर खाण मोडून डोंगर होता तसा करायला लागतात. १२६ मिनिटांच्या सिनेमाला असं थांबायला सवड असते.

आता मालिका. १९५५ च्या सप्टेंबरात वॉर्नरनं एबीसी वाहिनीसाठी 'शायान' सुरू केली. तासाभराच्या वेस्टर्न मालिकांमधली ही पहिली. शायान बोडी हा एकटा भटका माणूस, आज ह्या गावात तर उद्या त्या. त्याचं काम करणारा क्लिंट वॉकर साडेसहा फूट उंच. स्टुडिओकडे जुन्या सिनेमांचं कोठार भरलेलं होतं. पगारी लेखकांनी लिहिलेल्या त्या पटकथा स्टुडिओच्याच मालकीच्या, त्यामुळे नवी गोष्ट विकत घेण्यापेक्षा जुनी काढणं स्वस्त. गोष्टीच कशाला, दृश्यंही काढली: पहिल्याच भागात १९५० च्या 'रॉकी माउंटन'मधले तुकडे वापरले आहेत. असे तुकडे जोडायचे म्हणजे नव्या नटाची टोपी, कोट आणि घोडासुद्धा जुन्याशी मिळताजुळता लागतो. आमच्याकडे कंटिन्युइटी सांभाळणाऱ्या मुलीला विचारा, हे किती जिकिरीचं असतं.

त्याच पहिल्या मोसमातला 'द आर्गोनॉट्स' हा भाग म्हणजे सिएरा माद्रेची गोष्ट. शायान दोघांबरोबर सोनं शोधायला निघतो, त्यातला एक रॉड टेलर. जाहिराती आणि स्टुडिओच्या नव्या सिनेमांची प्रसिद्धी वजा केली तर लेखकाच्या हातात जेमतेम पाऊण तास.

वेळेची अडचण काही मोठी नव्हे, ती रोजचीच. खरी अडचण नायकाची. सिनेमाची सगळी ताकद ह्यात आहे की त्याचा नायकच सडत जातो. बोगार्टला बघायला आलेल्या लोकांच्या डोळ्यांदेखत बोगार्ट खुनी होतो. शायान बोडी खुनी होऊ शकत नाही. त्याला हाव सुटू शकत नाही, त्याला श्रीमंतही होता येत नाही, कारण पुढच्या आठवड्यात त्याला पुन्हा खिसा रिकामा ठेवून घोड्यावर बसायचं आहे. मग हाव जाते पाहुण्या नटांच्या वाट्याला, आणि नायक उरतो मधे उभा: दोन माणसं एकमेकांपासून तुटताना बघणारा, थांबवू पाहणारा, मागे राहणारा.

मी हे रोज भोगते. वनलाइन, म्हणजे भागातल्या प्रसंगांचा कच्चा आराखडा, लिहिताना नायिकेच्या हातून एक खरी, लागणारी चूक घडवली की वरून उत्तर येतं, "ती असं करणार नाही, लोकांना ती आवडेनाशी होईल." चिडचिड होते. पण त्या चिडचिडीतूनच मी शिकले की नायकाला हात लावता येत नसेल तर गोष्टीचा मध्यबिंदूच हलवायला लागतो, आणि तो हलला की सगळे प्रसंग नव्यानं रचावे लागतात. कुणाला आधी काय कळतं, कुणाच्या तोंडून काय येतं, शेवट कुणाच्या चेहऱ्यावर करायचा, सगळंच बदलतं. हे करणाऱ्याला मी चोर म्हणणार नाही.

दुसरं उदाहरण थोडक्यात. हॉवर्ड हॉक्सचा १९४४ चा 'टू हॅव अँड हॅव नॉट' मार्टिनिक बेटावर घडतो: महायुद्ध, बोटवाला बोगार्ट, आणि बेटावर हिटलरपुढे नमलेल्या व्हिशी फ्रेंच सरकारची सत्ता. 'शायान'मध्ये तो झाला 'फ्युरी ॲट रिओ होंडो'. समुद्र गेला, बोट गेली, काळ ऐंशीएक वर्षं मागे गेला. आता आपण मेक्सिकोत आहोत, मेक्सिकोचे अध्यक्ष हुआरेझ यांचे लोक सम्राट मॅक्सिमिलियनशी लढताहेत. आणि मॅक्सिमिलियनला गादीवर बसवलं होतं कुणी? फ्रेंच फौजांनी. मूळ गोष्टीतला शत्रू जवळपास तसाच राहावा असा काळ त्या लेखकानं इतिहासातून हुडकून काढला. हे मला कळलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि सांगायला घरात कुणी जागं नव्हतं.

मग चोरी कुठे आहे? आहे. ती गोष्टीत शोधू नका, श्रेयनामावलीत शोधा.

'शायान'च्या पहिल्या मोसमाचे निर्माते रॉय हगिन्स. १९५७ मध्ये त्यांनी वॉर्नरसाठीच 'मॅव्हरिक' ही दुसरी वेस्टर्न मालिका निर्माण केली. तिचा पहिला भाग म्हणून 'वॉर ऑफ द सिल्व्हर किंग्ज' दाखवला गेला, आणि तो स्टुडिओच्या मालकीच्या एका पुस्तकावर आधारलेला आहे असं जाहीर झालं. पुस्तक होतं तांब्याच्या खाणीवाल्यांच्या लढाईबद्दल. पहिला भाग पुस्तकावरचा म्हटला की मालिकेचा जनक म्हणून हगिन्स यांना मानधन द्यायला नको. हे त्यांनी स्वतःच पुढे मुलाखतींमधून सांगितलं.

१९६० च्या जानेवारीत लेखक संपावर गेले. जुने सिनेमे टीव्हीला विकून स्टुडिओ पैसे मिळवत होते, त्यात आम्हालाही वाटा द्या, ही त्यांची एक मोठी मागणी. संप जूनपर्यंत चालला. तेवढ्या काळात वॉर्नरनं एका मालिकेची पटकथा दुसऱ्या मालिकेत घातली, नावं-गावं बदलून. आणि लेखकाच्या जागी पडद्यावर झळकलं 'डब्ल्यू. हर्मानोस'. हर्मानोस म्हणजे स्पॅनिशमध्ये भाऊ. वॉर्नर ब्रदर्स! जिथे माणसाचं नाव यायचं तिथे कंपनीनं स्वतःचंच नाव लिहिलं. सुरुवातीची दोन वर्षं मीही दुसऱ्याच्या नावाखाली एपिसोड लिहिले आहेत. रात्री साडेआठला आईबाबा टीव्हीपुढे बसायचे आणि त्या दुसऱ्याच्या नावाची पाटी येऊन जायची. त्यामुळे हे दोन शब्द मला नुसते वाचता येत नाहीत, पोटात कालवतं.

एक गोष्ट राहिली. सिएरा माद्रे ह्यूस्टननं ज्या कादंबरीवरून घेतला ती बी. ट्रेव्हन यांची, १९२७ ची. तिच्याही मागे बघितलं तर चौदाव्या शतकातल्या चॉसर ह्या इंग्लिश कवीची कथा लगेच ओळखू येते: तीन मित्र, झाडाखाली सोनं, धाकटा खायला-प्यायला आणायला जातो आणि दारूत विष कालवतो. आणि त्याच्याही फार मागे ती आपल्या पाली जातकांत, म्हणजे बुद्धाच्या आधीच्या जन्मांच्या गोष्टींत, आहे, ४८ व्या क्रमांकावर, वेदब्भ जातक.

एका ब्राह्मणाला ग्रहयोगावर आकाशातून रत्नं पाडायचा मंत्र येत असतो. चोर त्याला धरतात. शिष्य खंडणी आणायला जातो, जाताना बजावतो की काही झालं तरी मंत्र म्हणू नका. गुरू म्हणतोच. रत्नं पडतात. दुसरी टोळी येते, गुरूला मारते, पहिल्या टोळीला मारते, मग आपसात कापाकापी करते. शेवटी दोघे उरतात. एक तलवार घेऊन धनाची राखण करतो, दुसरा गावात जाऊन आपल्या वाट्याचा भात खातो आणि उरलेल्यात विष घालून आणतो. येताक्षणी तलवारीनं त्याचे दोन तुकडे होतात. कापणारा तो भात खातो.

तो शिष्य म्हणजे बोधिसत्त्व, पुढे बुद्ध होणारा. ५४७ जातकांमध्ये तो पुन्हा पुन्हा येतो, कधी शिष्य, कधी राजा, कधी हत्ती. त्याला पुढच्या गोष्टीत परत यायचंच असतं, म्हणून ह्या गोष्टीतली हाव त्याच्या वाट्याला येत नाही. तो खंडणी घेऊन परततो तेव्हा सगळं होऊन गेलेलं असतं. गुरूच्या देहाचे दोन तुकडे दिसतात. तो लाकडं गोळा करून चिता रचतो, रानफुलं वाहतो, आणि पुढे चालू लागतो. वाटेत पाचशे प्रेतं लागतात. मग अडीचशे.