तुम्ही विचारलंत म्हणून: फोनमध्ये काहीच नाही, तरी मेमरी फुल कशी?

"फोनमध्ये तर काहीच नाही हो, फोटो पण सगळे उडवले, तरी मेमरी फुल दाखवतोय, असं कसं?" हा प्रश्न मला नातेवाइकांकडून, शेजाऱ्यांकडून, ऑफिसातल्या लोकांकडून सारखा येतो, आणि वाईट याचंच वाटतं की मला विचारेपर्यंत माणसाने स्वतःचे फोटो आधीच काढून टाकलेले असतात. मुलाचं बारसं, आईच्या पंच्याहत्तरीचा कार्यक्रम, गावच्या जत्रेतली पालखी, हे सगळं गेलेलं असतं आणि ज्याने खरी जागा अडवलीय ते जसंच्या तसं आत बसलेलं असतं. म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो. माझं म्हणणं एवढंच आहे की स्वतः काढलेल्या फोटोंना हात सगळ्यात शेवटी लावायचा, कारण बहुतेकांचा फोन भरतो तो प्रतींनी, म्हणजे तुम्ही पाठवलेल्याची प्रत, डिलीट केलेल्याची प्रत, एकदा बघून विसरून गेलेल्याची प्रत, आणि यातलं बरंचसं गॅलरीत दिसतच नाही.

दिसत का नाही तर अँड्रॉइडमध्ये एखाद्या फोल्डरात "डॉट नोमीडिया" नावाची एक रिकामी फाइल ठेवली की गॅलरी त्या फोल्डरात डोकावतच नाही. शिवाय ज्या फोल्डरच्या नावाच्या सुरुवातीला टिंब असतं तो पण लपलेला असतो. अॅपवाले हे चांगल्या हेतूने करतात, नाहीतर गॅलरीत सगळ्या अॅपचे बारीकसारीक आयकॉन आणि चित्रं दिसत बसली असती, पण त्यामुळे होतं काय की गॅलरी उघडून "माझ्याकडे तर दोनशेच फोटो आहेत" असं माणूस म्हणतो तेव्हा तो खरंच बोलत असतो, फक्त गॅलरी म्हणजे अख्खा फोन नाही. त्यामुळे बघायचं असेल तर सेटिंगमध्ये स्टोरेज, नाहीतर फाइल मॅनेजर, आणि त्यात "शो हिडन फाइल्स" चालू करून बघायचं.

सगळ्यात मोठी जागा व्हॉट्सअॅपची, निदान आपल्याकडे तरी. हे फोल्डर पूर्वी फोन उघडला की समोरच दिसायचं, अँड्रॉइड ११ आल्यापासून ते आत गेलं, अँड्रॉइड मग मीडिया मग कॉम डॉट व्हॉट्सअॅप असं खाली खाली जायचं. तिथे इमेजेस, व्हिडिओ, डॉक्युमेंट्स अशी फोल्डरं आहेत आणि त्या प्रत्येकाच्या पोटात "सेंट" नावाचं अजून एक फोल्डर आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोची, व्हिडिओची, पीडीएफची एक वेगळी प्रत या सेंटमध्ये पडून राहते. मूळ फोटो गॅलरीत आहे, समोरच्याला पोचलाय, आणि ही तिसरी प्रत कोणालाच नको असलेली, गॅलरीतही न दिसणारी. ज्यांचं काम फोनवरून चालतं, म्हणजे इस्टेट एजंट, विमावाले, शाळेचे शिक्षक, साड्यांचे फोटो गिऱ्हाइकांना पाठवणाऱ्या ताई, त्यांच्या फोनमध्ये या सेंटच्या फोल्डरातच अनेक जीबी सापडतात. ते रिकामं केलं तर समोरच्याकडचं काही जात नाही, फक्त तुमच्या चॅटमध्ये तो जुना फोटो धूसर दिसतो. मूळ फोटो गॅलरीत आहे ना एवढं मात्र आधी बघून घ्या.

फाइल मॅनेजरची भीती वाटत असेल तर व्हॉट्सअॅपच्या आतूनच करा, सेटिंग, स्टोरेज अँड डेटा, मॅनेज स्टोरेज. (फोनची भाषा मराठी असेल तर नावं वेगळी दिसतील, जागा तीच.) तिथे "पाच एमबीपेक्षा मोठ्या" आणि "अनेकदा फॉरवर्ड केलेल्या" असे दोन गठ्ठे वेगळे काढून ठेवलेले असतात, खाली कोणत्या ग्रुपने किती जागा खाल्ली त्याची मोठ्यापासून लहानापर्यंत यादी. मी लोकांना हे दाखवतो तेव्हा सोसायटीचा ग्रुप नाहीतर दहावीच्या बॅचचा ग्रुप सगळ्यात वर असतो, आणि कुटुंबाचे खरे फोटो असलेले चॅट कुठेतरी खाली. वरून सुरुवात करायची.

इथेच एक गैरसमज. "मी मीडिया व्हिजिबिलिटी बंद केलीय, त्यामुळे ग्रुपमधलं काही येतच नाही" असं पुष्कळजण सांगतात. ते येतं हो, फक्त गॅलरीत दिसत नाही, जागा तेवढीच जाते. यायलाच नको असेल तर मीडिया ऑटो डाउनलोडमध्ये जाऊन फोटो, ऑडिओ, व्हिडिओ, डॉक्युमेंट सगळ्याची खूण काढायची, मोबाइल डेटासाठी पण आणि वायफायसाठी पण. घरी वायफाय आलं आणि फोन अचानक भरायला लागला असं ज्यांचं झालंय त्यांनी हे आधी बघा.

शुभ सकाळच्या चित्रांबद्दल लोक हसून बोलतात पण मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही, ती चित्रं पाठवणारी बरीचशी माणसं म्हातारी, एकटी असतात आणि तो त्यांचा रोजचा निरोप असतो. पाठवू देत की. गूगलने डिसेंबर २०१७ मध्ये दिल्लीतल्या कार्यक्रमात "फाइल्स गो" हे अॅप आणलं, आताचं फाइल्स बाय गूगल, त्यात असली शुभेच्छांची चित्रं ओळखून एकत्र दाखवायची सोय आपल्या देशातल्या फोनकडे बघूनच केली होती. आजही ते अॅप घरातल्या ज्येष्ठांच्या फोनमध्ये असावं असं मला वाटतं, एकसारख्या फाइली, मोठ्या फाइली, जुने स्क्रीनशॉट सगळं वेगवेगळं काढून देतं आणि विचारल्याशिवाय उडवत नाही.

व्हॉट्सअॅपमध्येच अजून एक लपलेली जागा म्हणजे डेटाबेसेस फोल्डर. तुमच्या चॅटचा बॅकअप रोज रात्री फोनमध्येच होतो आणि साधारण आठवडाभराच्या प्रती तिथे राहतात, ज्यांचे ग्रुप फार आहेत त्यांची एकेक प्रत काहीशे एमबीची. नावात तारीख असलेल्या त्या जुन्या, बिनतारखेची ती सगळ्यात ताजी. ताजीला हात लावायचा नाही, तारीखवाल्या काढल्या तर चालतं. अगदीच अडचण असेल तरच करा हे, कारण त्या परत तयार होतच राहतात.

आता डिलीट केलेल्याचं बघू, कारण "आत्ता एवढे व्हिडिओ उडवले तरी जागा तेवढीच" ही तक्रार इथूनच येते. डिलीट दाबलं की फोटो जातो ट्रॅशमध्ये नाहीतर बिनमध्ये. गॅलरी अॅपची स्वतःची ट्रॅश असते, बहुतेक फोनमध्ये ३० दिवसांची, फाइल्स अॅपची वेगळी, गूगल फोटोजची वेगळी, त्यात बॅकअप झालेल्या फोटोंना ६० दिवस आणि न झालेल्यांना ३०. तोपर्यंत ती फाइल पूर्ण आकाराने फोनमध्येच बसून राहू शकते. फोर के मध्ये घेतलेला व्हिडिओ मिनिटाला ३०० एमबीच्या आसपास जातो, म्हणजे गॅदरिंगचा दहा मिनिटांचा नाच डिलीट केलात तरी तीन जीबी महिनाभर अडकलेले. सगळ्या ट्रॅश एकेक करून उघडायच्या, आत नजर टाकायची, आणि मग रिकाम्या करायच्या. चुकून उडवलेलं काही असेल तर तेही इथेच सापडतं आणि परत आणता येतं, म्हणून डोळे झाकून "एम्प्टी" दाबू नका.

गूगल फोटोजचं मात्र फार सावधपणे करा, कळकळीने सांगतो. त्यात "फ्री अप स्पेस" नावाचं एक बटण आहे, ते फक्त फोनमधली प्रत काढतं, तीही जिचा बॅकअप झालाय तिचीच. आणि नेहमीचं कचरापेटीचं चिन्ह आहे, त्याने फोटो फोनमधूनही जातो आणि बॅकअपमधूनही जातो. लोक समजतात की वर तर ठेवलेत आता इथले डिलीट करू, आणि एकेक निवडून कचरापेटी दाबतात. दोन्हीकडचे गेले! साठ दिवसांत लक्षात आलं तर ठीक. शिवाय १ जून २०२१ पासून तिथे फुकट अमर्याद जागा मिळणं बंद झालंय, ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी, ते भरले की नवीन बॅकअप थांबतो आणि नोटिफिकेशनच्या गर्दीत ते कोणाच्या लक्षात येत नाही. त्यामुळे फ्री अप दाबायच्या आधी "बॅकअप कम्प्लीट" असं लिहून आलंय का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं.

अॅपचं काय, तर सेटिंगमध्ये अॅप्सची यादी आकाराप्रमाणे लावून बघा. प्रत्येक अॅपमध्ये स्टोरेज उघडलं की दोन बटणं, क्लिअर कॅशे आणि क्लिअर डेटा, काही फोनमध्ये क्लिअर स्टोरेज. पहिलं बिनधास्त दाबा, तात्पुरत्या फाइली जातात, अॅप पहिल्यांदा उघडताना जरा हळू चालेल इतकंच. दुसऱ्याने अॅप अगदी नव्यासारखं होतं, म्हणजे लॉगिन गेलं, आतला जमाखर्च गेला, टिपणं गेली, यूपीआयचं अॅप असेल तर परत सिमवरून एसएमएस जाऊन नोंदणी होणार, आणि व्हॉट्सअॅपवर दाबलंत तर बॅकअप नसताना चॅट गेलेच म्हणून समजा. आपण काय करतोय हे माहीत असल्याशिवाय त्या बटणाकडे जाऊच नका. आणि कॅशे रोज रोज साफ करत बसायचीही गरज नाही, जागा कमी पडली की अँड्रॉइड स्वतःच ती काढतो, २०१७ मधल्या अँड्रॉइड ८ पासून तर कोणत्या अॅपने किती कॅशे ठेवायची याचा हिशोबही तोच ठेवतो.

टेलिग्रामचं वेगळं सांगतो कारण स्पर्धा परीक्षा देणारी मुलं हमखास विचारतात. एमपीएससीच्या नोट्स, चालू घडामोडींच्या पीडीएफ, लेक्चरचे व्हिडिओ, दहा-दहा चॅनेल. टेलिग्राम हे सगळं स्वतःच्या सर्व्हरवर ठेवतं, तुमच्या फोनमध्ये असते ती फक्त उघडून बघितलेल्याची प्रत. सेटिंगमध्ये डेटा अँड स्टोरेज, स्टोरेज युसेज, तिथून कॅशे साफ केली तरी चॅनेलवर ती फाइल आहे तोपर्यंत परत उतरवता येते, आणि "इतक्या दिवसांनी आपोआप काढ" असंही लावून ठेवता येतं. अभ्यासाच्या फोनमध्ये कधीकधी एवढ्यानेच इतकी जागा होते की बाकी काही करावं लागत नाही.

यूट्यूबचे डाउनलोड, ओटीटीवर प्रवासासाठी उतरवलेली मालिका, मॅप्सचे ऑफलाइन नकाशे, हेही फाइल मॅनेजरमध्ये दिसत नाहीत, अॅपच्या आकारात मिसळलेले असतात. त्या त्या अॅपमध्ये जाऊनच काढायचे. डाउनलोड्स फोल्डरात आधार, लाइट बिल, सातबारा यांच्या एकाच नावाच्या पुढे कंसात आकडे असलेल्या प्रती असतात, एक ठेवून बाकी काढा.

कॉल रेकॉर्डिंग. सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड होण्याचं सेटिंग कोणीतरी कधीतरी लावून दिलेलं असतं आणि वर्षानुवर्षांच्या फाइली साठतात. काढा जरूर, पण आधी नावांवरून एकदा नजर फिरवा, घरातलं कोणी गेलं असेल तर त्यांच्या आवाजाच्या फाइली बाजूला काढून ठेवा. हे कोणाला सुचत नाही आणि नंतर फार लागतं.

दोन व्हॉट्सअॅप वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ड्युअल अॅप चालू केलं की फोनमध्ये दुसऱ्या वापरकर्त्यासारखी वेगळी जागा तयार होते, शाओमीमध्ये ९९९ नंबरची, सॅमसंगमध्ये ९५, आणि दुसऱ्या व्हॉट्सअॅपचे सगळे फोटो-व्हिडिओ तिथे जातात. नेहमीच्या फाइल मॅनेजरमध्ये तुम्हाला पहिल्याचं फोल्डर स्वच्छ दिसतं आणि तरी जागा नाही. त्या दुसऱ्या व्हॉट्सअॅपमध्ये शिरून तिथलं मॅनेज स्टोरेज वेगळं करावं लागतं.

क्लीनर अॅप मात्र टाकू नका, कृपा करून. "फोन साफ करा, वेग वाढवा" वाली. ती जास्त करून कॅशेच काढतात, जी फोन स्वतः काढतो, वर स्वतःची जागा घेतात, जाहिराती दाखवतात आणि तुमच्या सगळ्या फाइलींची परवानगी मागतात. २९ जून २०२० ला केंद्र सरकारने ज्या ५९ अॅपवर बंदी घातली त्यात क्लीन मास्टर, डीयू क्लीनर, ईएस फाइल एक्सप्लोरर ही आपल्याकडे घरोघरी असलेली नावं होती.

आणि यादीत "सिस्टिम" म्हणून पंधरा-वीस जीबी दिसतात ते अँड्रॉइडचे स्वतःचे, तिथे काही करता येत नाही, करायला जाऊही नका.

एवढं सगळं करूनही ३२ जीबीचा फोन असेल तर जागा पुरणार नाही, ते मान्य. साधारण ५०० एमबीच्या खाली गेलं की फोन इशारा देतो आणि अपडेट अडायला लागतात, तोवर थांबू नका, दोन-तीन जीबी तरी कायम मोकळे ठेवा. अशा वेळी स्वतःचे फोटो-व्हिडिओ फोनच्या पिनला लागणाऱ्या पेनड्राइव्हवर घ्या, आधी कॉपी करा, मूव्ह नको, कारण मध्येच पेनड्राइव्ह निघाला तर अर्धवट फाइल हातात राहते. कॉपी झाली की पेनड्राइव्ह काढून दुसऱ्या फोनला किंवा कॉम्प्युटरला लावा, वेगवेगळ्या फोल्डरांतले काही व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून बघा, आणि मगच फोनमधले काढा.