सावित्रीचा पूल बघायचाय? आधी कोणता ते ठरवा

महाडला उतरल्यावर रिक्षावाल्याला नुसतं ‘सावित्रीच्या पुलावर सोड’ म्हणू नका. मी म्हटलं, आणि गडी मला थेट दादलीच्या पुलावर घेऊन गेला. तोही सावित्री नदीवरच, त्यामुळे भांडायलाही तोंड नाही. मला हवा होता मुंबई–गोवा महामार्गावरचा, राजेवाडीचा. तिथून उलटं फिरून राजेवाडी, मिळून चारशे रुपये. शुद्ध लूट! ‘राजेवाडीचा पूल’ असंच म्हणा, नाहीतर स्टँडवरून पोलादपूरकडे जाणारी एसटी धरा. राजेवाडी फाट्याला थांबेल का, ते मात्र चढण्याआधी कंडक्टरला विचारून घ्या.

दुसरी फसगत माझी मीच केली. १९२८ च्या दगडी कमानी बघायच्या म्हणून गेलो होतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीच्या पुराने तो पूल नेला. मुंबईकडे निघालेल्या जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली या दोन एसट्या आणि एक तवेरा गाडी अंधारात तशाच पाण्यात गेल्या. गोव्याकडे जाणाऱ्या गाड्यांचा शेजारचा पूल मात्र जागचा हलला नाही. शोधाला नौदलाचे पाणबुडे आले, क्रेनला ३०० किलोचं लोहचुंबक टांगून नदीचा तळ चाचपला. एक मृतदेह तर पार रत्नागिरी जिल्ह्यातल्या अंजर्ल्याच्या किनाऱ्याला लागला. मग १६५ दिवसांत नवा पूल बांधून ५ जून २०१७ ला खुला केला. आज दिसतो तो हा, सपाट काँक्रीटचा. कमानींसाठी जाणार असाल तर जाऊच नका.

एवढं वाचूनही निघालात, तर फाट्यापासून पुलापर्यंतचं चालणं जपून. अंतर किरकोळ आहे, पण अंगावरून ट्रेलर जातो तेव्हा टोपी जागेवर राहत नाही. समोरून येणारी गाडी दिसेल अशाच बाजूने चाला. पुलाच्या मधोमध कठड्यावर हात टेकला होता. मागून टँकर गेला आणि तळहातापासून कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. पूल मजबूत असेलही, मी पुन्हा हात टेकला नाही. फोटोसाठी खाली पाण्याशी उतरू नका, सावित्रीत मगरी आहेत.

याच फेरीत रायगड आणि चवदार तळं मात्र निवांत झालं.

परतीला हात दाखवून तीन एसट्या सोडल्या. चौथी थांबली, तीही पन्नास पावलं पुढे जाऊन. पळालो.