चुकांची वही : आमच्या गणित वर्गाची वाटचाल

नाशिकच्या सिडको भागात, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत, २००८ च्या जूनमध्ये पाच मुलांना घेऊन आम्ही गणिताची शिकवणी सुरू केली, तेव्हा तिचा पुढे व्यवसाय होईल असे मनात नव्हते. मी सहा वर्षे एका शाळेत तात्पुरत्या नेमणुकीवर गणित शिकवत होते. एका वर्षी तुकडी कमी झाली आणि माझी नेमणूक पुढे चालू राहिली नाही. यजमान सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होते, त्यांच्या पगारावर घर चालत होते. महिना दोनशे रुपये फी, एक सतरंजी, भिंतीला टेकवलेला लाकडी फळा आणि तिसरी ते पाचवीची मुले एवढेच आमचे भांडवल होते.

पहिले काही महिने मीही तेच केले जे बहुतेक शिकवण्यांमध्ये चालते, म्हणजे शाळेचा गृहपाठ पूर्ण करून घेणे, पाढे म्हणून घेणे आणि चाचणीच्या आदल्या दिवशी धड्याखालची सगळी उदाहरणे पुन्हा सोडवून घेणे. मुलांचे गुण वाढत होते आणि पालक समाधानी होते. चौथीतल्या एका मुलीने मात्र मला थांबायला लावले. तिने ६१८ भागिले ६ याचे उत्तर १३ लिहिले होते. मी तिला १३ सक किती ते विचारले, तेव्हा तिने न अडखळता अठ्ठ्याहत्तर सांगितले. मग ६१८ कुठे गेले, असे विचारल्यावर ती अगदी शांतपणे म्हणाली, "बाई, तो गुणाकार आहे. हा भागाकार आहे."

तिला पाढे येत होते, भागाकाराची मांडणी पाठ होती आणि अक्षर सुंदर होते. दोन क्रिया एकमेकींना बांधलेल्या आहेत, हे मात्र तिला कोणी कधी दाखवले नव्हते आणि तसे दाखवणाऱ्यांत मीही नव्हते. दुसऱ्या दिवशी मी खेळातल्या नोटा आणल्या. शंभराच्या सहा, दहाची एक आणि सुटे आठ रुपये तिच्यासमोर ठेवले, आणि सहा कागदी पाकिटांवर शतक, दशक व एकक असे तीन कप्पे आखून दिले. शंभराची एकेक नोट प्रत्येक पाकिटात गेली. दहाची नोट हातात धरून ती बराच वेळ बसली, कारण एक नोट सहा जणांत वाटता येत नव्हती. शेवटी तिने ती मोडून मागितली, मिळालेले दहा आणि आधीचे आठ असे अठरा रुपये केले आणि प्रत्येकाला तीन वाटले. मग तिने एका पाकिटाच्या मधल्या, रिकाम्या कप्प्यावर बोट ठेवले आणि म्हणाली, "इथे काहीच आले नाही, म्हणून शून्य." तिने १३ खोडून १०३ लिहिले. भागाकारात मधले शून्य विसरायचे नाही, असे मी वर्गात शेकडो वेळा बजावले होते. ते शून्य कुठून येते हे तिने त्या दिवशी स्वतःच्या हाताने पाहिले.

त्या संध्याकाळी मी एका दोनशे पानी वहीत ते उदाहरण उतरवून ठेवले, आणि तीच आमची चुकांची पहिली वही ठरली. तिचा नियम आजही तोच आहे. तारीख, इयत्ता, उदाहरण, मुलाने लिहिलेले चुकीचे उत्तर जसेच्या तसे, आणि त्याखाली ते उत्तर कसे आले हे मुलाच्याच शब्दांत. मुलाचे नाव कधीही लिहायचे नाही. वही भरत गेली तसे लक्षात आले की मुले क्वचितच वाटेल ते उत्तर ठोकतात. ५२ वजा २७ बरोबर ३५ लिहिणाऱ्या मुलाचा नियम स्पष्ट असतो, तो म्हणजे लहान अंक मोठ्यातून जातो, म्हणून दोनातून सात जात नसतील तर सातातून दोन घालवायचे. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश लिहिणारी मुलगी सांगते, "वरचे वरच्यात मिळवले, खालचे खालच्यात." आठ अधिक चार बरोबर चौकट अधिक पाच, असे मांडले तर पाचवीची कितीतरी मुले चौकटीत १२ भरतात, कारण बरोबरचे चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिहा' अशी सूचना, हीच समज पहिलीपासून पक्की झालेली असते. दोन्ही बाजू सारख्या असल्याचे ते चिन्ह आहे, हे कळल्याशिवाय समीकरणे शिकवणे व्यर्थ आहे. अशा मुलांना आपण निष्काळजी म्हणतो, याचे मला आजही वाईट वाटते.

मराठीतून संख्या शिकताना आणखी एक अडचण येते आणि तिचे मूळ आपल्या भाषेत आहे. सदतीस म्हणताना सात आधी ऐकू येतो आणि तीस नंतर, पण लिहिताना तीन आधी लिहावा लागतो. म्हणून दुसरीतले मूल ऐकलेल्या क्रमाने ७३ लिहिते. एकोणपन्नास ऐकून ५९ लिहिणारी मुले आमच्या वहीत अनेकदा आली आहेत, कारण त्यांना पन्नास स्पष्ट ऐकू येते आणि पन्नासाला एक कमी हा अर्थ शब्दात दडून राहतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या नव्या पुस्तकात वीस एक, वीस दोन अशी जोडवाचनाची पद्धत जुन्या नावांच्या जोडीने आली, तेव्हा राज्यभर वाद झाला. गणित विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या आणि त्यांनी ही बाजू मुलांच्या सोयीच्या दृष्टीने समजावून सांगितली होती. आम्ही त्याआधीपासूनच वर्गात 'तीस सात, सदतीस' असे दोन्ही लागोपाठ म्हणून घेत होतो, त्यामुळे आमच्याकडे तो वाद झाला नाही. बाजारात, एसटीत आणि आजीच्या तोंडी जुनीच नावे असतात, म्हणून ती आलीच पाहिजेत. परंतु पहिली पायरी सोपी केल्याने भाषा बुडते असे मला वाटत नाही.

अपूर्णांकांचा प्रश्न यजमानांमुळे सुटला. पहिली पाळी आटोपून ते घरी येत तेव्हा वर्ग चालू असे, आणि एकदा एक द्वितीयांश अधिक तीन अष्टमांश यावर सगळे अडले असताना ते कारखान्यातली स्टीलची पट्टी घेऊन मुलांमध्ये बसले. कारागीर इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात. अर्धा इंच म्हणजे चार सूत आणि तीन अष्टमांश म्हणजे तीन सूत, तेव्हा बेरीज सात सूत, म्हणजेच सात अष्टमांश इंच. छेद समान का करायचे, हे मी नियम म्हणून सांगत होते; पट्टीवर ते मुलांना दिसले, कारण दोन्ही मापे एकाच मापात, सुतात, आणल्याशिवाय मिळवताच येत नव्हती. त्यानंतर दर आठवड्यातला एक तास त्यांचा झाला आणि निवृत्तीनंतर ते पूर्ण वेळ वर्गात आले. शेजारच्या एका आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी आणि दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण आणि दीड यांचे पाढे, तोंडपाठ होती. मुले त्यांच्याकडून ती ऐकतात, पण दीड म्हणजे तीन अर्धे हे आधी कागद दुमडून पाहतात.

२०१४ मध्ये आम्ही मोठी चूक केली. सिडकोच्या घरात मुले मावेनात, म्हणून गंगापूर रोडला एक हॉल भाड्याने घेतला, पन्नास हजार रुपये अनामत भरली, बाक करून घेतले, तीन शिक्षक नेमले आणि प्रत्येक बॅचला पंचवीस मुले घेतली. फी वाढली, जमा वाढली, परंतु चुकांची वही बंद पडली, कारण पंचवीस मुलांमध्ये प्रत्येकाला 'हे उत्तर कसे काढलेस?' असे विचारून उत्तराची वाट पाहायला वेळच उरत नव्हता. शिक्षक फळ्यावर रीत दाखवत आणि मुले ती उतरवत. दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर मी सहावीच्या मुलांना साधा ५०३ वजा २४७ दिला, आणि निम्म्या मुलांनी उत्तर चुकवले. त्याच मुलांना घटक चाचणीत वीसपैकी सोळा-सतरा गुण होते. तो हॉल आम्ही मार्चअखेर सोडला. जागेच्या मालकांनी रंगरंगोटीचे कारण सांगून अनामतीतला मोठा भाग कापून घेतला, बाक आम्हाला निम्म्या किमतीत विकावे लागले आणि हॉलसाठी घेतलेले कर्ज फेडायला पुढची दोन वर्षे लागली. तेव्हापासून एका बॅचमध्ये दहापेक्षा जास्त मुले घेतली नाहीत. फी त्यामुळे थोडी जास्त ठेवावी लागते, आणि ती ज्यांना परवडत नाही अशा दोन मुलांना प्रत्येक बॅचमध्ये विनामूल्य घेतो.

शिक्षक मिळवणे हे या व्यवसायातले सर्वांत कठीण काम आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार शाळेतील कार्यरत शिक्षकांना खासगी शिकवणी घेता येत नाही, आणि तो नियम योग्यच आहे. म्हणून आम्ही डी.एड. किंवा बी.एस्सी. झालेल्या, सुरुवात करणाऱ्या मुलींना घेतो. पहिले दोन महिने त्यांनी शिकवायचे नाही. मुलांशेजारी बसून वही भरायची, एवढेच काम. काहींना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो आणि त्या सोडून जातात. ज्या राहतात त्या उत्तम शिक्षिका होतात.

नाशिकजवळच्या देवळालीचे नाव गणितात अजरामर करणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ या काळात तिथल्या शाळेत शिक्षक होते. नाशिकमधल्या मुलांना ते माहीत नसावेत याचे मला दुःख होते, म्हणून आमचा शनिवार त्यांच्या नावाने चालतो. चारही अंक सारखे नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची, तिच्या अंकांपासून मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या करायची, वजाबाकी करायची आणि उत्तरावर तीच कृती पुन्हा करायची. ३५२४ घेतले तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४, आणि पुढे ६१७४ च येत राहतो. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत प्रत्येक संख्या तिथे पोहोचते. वजाबाकीचा कंटाळा करणारी चौथीची मुले एका शनिवारी स्वतःहून वीस-वीस वजाबाक्या करतात, आणि ६१७४ आला नाही तर चूक कुठे झाली ते आम्हाला न विचारता शोधतात. कोणी तपासायला लागत नाही असा हा दुर्मीळ सराव आहे.

२०२० च्या मार्चमध्ये वर्ग बंद झाला, तेव्हा उत्तर बरोबर पण समज दिसत नाही, ही हॉलमधलीच गोष्ट पुन्हा समोर आली. मुलांच्या घरात एकच स्मार्टफोन आणि तो अंबडच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या वडिलांकडे, म्हणून रात्री आठनंतर शिकवायचे ठरले. पालक वहीच्या पानांचे फोटो पाठवत, पण त्यात सगळी उत्तरे बरोबर असत, आणि ती कोणी काढली ते कळत नसे. मग आम्ही फोटो बंद केले आणि मुलांना सांगितले की एकच उदाहरण सोडवा, पण ते कसे सोडवले ते बोलून पाठवा. 'हातचा एक घेतला' असे म्हणताना थबकणारा आवाज पानापेक्षा जास्त सांगत होता. शाळा सुरू झाल्या तेव्हा पाचवीत आलेल्या अनेक मुलांना दशक सुटा करून करायची वजाबाकीही येत नव्हती. आम्ही इयत्ता बाजूला ठेवल्या आणि मुलाला जिथपर्यंत येते तिथपासून सुरुवात केली. प्रवेशाच्या वेळची आमची तोंडी चाचणी तेव्हापासून अशीच आहे : अंक ओळख, दोन अंकी वजाबाकी, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे, एक अपूर्णांक. सुमारे चाळीस मिनिटे लागतात आणि पालकांना बाहेर बसावे लागते.

शिष्यवृत्तीची परीक्षा २०१६-१७ मध्ये चौथी-सातवीऐवजी पाचवी-आठवीला गेली होती आणि तिच्या तयारीची मागणी दरवर्षी येते. आम्ही तयारी करून घेतो, पण ज्याचा भागाकार कच्चा आहे त्याला त्या बॅचमध्ये घेत नाही. यामुळे काही पालक नाराज होऊन दुसरीकडे गेले, आणि तो तोटा आम्ही सोसतो.

आता चौसष्ट मुले आहेत, चार शिक्षिका आहेत आणि चुकांची सहावी वही चालू आहे. या वर्षी त्या वहीने आमचीच चूक दाखवली. सातवीत बैजिक राशी शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे 'तीन अ म्हणजे तीन आंबे, दोन ब म्हणजे दोन बोरे' असे सांगत आलो. मुलांना ते लगेच पटे. मात्र त्यानंतर तीच मुले तीन अ अधिक दोन ब बरोबर पाच अब लिहीत, आणि का विचारले तर सांगत, "पाच फळे झाली ना!" अक्षर हे फळाचे नाव नसून संख्येच्या जागी येते; ते फळाचे नाव असल्यासारखे आम्हीच त्यांना चुकीचे शिकवले होते. आता आम्ही चिकटपट्टीने बंद केलेल्या काडेपेट्या वापरतो. प्रत्येक पेटीत सारख्याच काड्या आहेत, किती ते माहीत नाही, त्या संख्येला क्ष म्हणायचे. तीन पेट्या आणि सुट्या चार काड्या मिळून एकोणीस होतात, तर क्ष किती? गेल्या आठवड्यात एका मुलाने पेट्या हलवून पाहिल्या, मग त्या बाजूला ठेवून एकोणिसातून चार घालवले, पंधराला तीनने भागले आणि उत्तर सांगण्याआधी विचारले, "बाई, आता उघडून पाहू?"