लूक हस्तलेखन: पंधरावा अध्याय आणि निसटलेली आठ वचनं

१ मार्च २०२६, ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा दुसरा रविवार. बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान मी हाताने उतरवून काढतोय; आजपर्यंत ११५१ पैकी ७२७ वचनं झाली.

३० नोव्हेंबरला, नाताळआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, कटनिब (सुलेखनाचं कापलेल्या टोकाचं निब) हातात घेतलं तेव्हा बेत वेगळा होता. लूकच्या शुभवर्तमानात २४ अध्याय आहेत. १ डिसेंबरपासून रोज एक अध्याय वाचला की नाताळच्या आदल्या दिवशी पुस्तक संपतं, तसंच लिहूनही होईल असं वाटलं होतं. पण एकट्या पहिल्या अध्यायात ८० वचनं, त्यांनाच अकरा दिवस लागले. निवृत्त माणसाला घाई कसली, म्हणून तारीख सोडून दिली. आता रोज सातआठ वचनं होतात.

हाताबद्दल थोडं. आधी प्रत्येक अक्षरावर लगेच शिरोरेषा मारायचो, त्यामुळे ओळ लाटेसारखी दिसायची. आता आखलेल्या रेघेखाली सगळा शब्द लिहितो आणि शिरोरेषा शेवटी एका दमात ओढतो. फरक लगेच दिसतो. पानं सुटी ठेवली आहेत, बांधणी शेवटी करायची.

तिसऱ्या अध्यायातली वंशावळ नाताळच्या सुट्टीत नातीने वाचून दाखवली. योसेफापासून आदामापर्यंतची ती सगळी नावं. बायको गेल्यापासूनच्या सणांमध्ये घर इतकं भरलेलं मला वाटलं नव्हतं.

आता पंधरावा अध्याय. अध्याय संपला की मी वचनं मोजतो. हवी होती ३२, भरली २४. या अध्यायात उधळ्या पुत्राचा दाखला आहे: धाकटा मुलगा संपत्ती उधळून घरी परततो, बाप मेजवानी देतो आणि थोरला रागावून आत येत नाही. त्यात बाप एकच गोष्ट दोनदा बोलतो: मेला होता, जिवंत झाला, हरवला होता, सापडला. हे शब्द २४ व्या वचनात आहेत आणि ३२ व्यातही. माझी नजर पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर गेली आणि अध्याय संपला असं मी समजलो. नक्कल करणाऱ्यांची ही फार जुनी चूक. पण मधे काय गळलं होतं? थोरला भाऊ. शेतातून आलेला, दाराबाहेर उभा राहिलेला, सगळाच्या सगळा.

धाकटा मुलगा चार वर्षांनी ईस्टरला घरी येतोय. दोन महिने माझ्या तोंडी तोच विषय आहे. थोरला इथेच असतो, माझी औषधं, बिलं, रविवारी उपासनेला नेणं, सगळं तोच बघतो. त्याच्याशी मी शेवटचं सावकाश कधी बोललो, ते आठवेना.

हंसपद (सुटलेला मजकूर दाखवायची खूण) घालून आठ वचनं समासात कोंबता आली असती. तसं केलं नाही. पान बाजूला ठेवलं, नवीन आखलं आणि काल रात्री थोरल्याला म्हटलं, तू वाच, मी लिहितो. ‘मुला, तू तर नेहमी माझ्याजवळ आहेस,’ या बापाच्या थोरल्याला म्हटलेल्या शब्दांपर्यंत आला आणि थांबला. मीही थांबलो. निबवरची शाई वाळली, ती पुसून परत बुडवावी लागली.

४२४ वचनं उरली आहेत. ५ एप्रिलच्या ईस्टरपर्यंत ती होणार नाहीत. आता २४ मे, पेन्टेकॉस्ट (शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याचा सण) धरला आहे. वरून सामर्थ्य मिळेपर्यंत नगरात थांबा, हे प्रभूचं सांगणं शेवटच्याच अध्यायात आहे, तेव्हा तो दिवस योग्यच. सोळावा अध्याय उद्या रात्री जेवणानंतर. वाचायला मी बसेन, असं थोरला म्हणाला आहे.