भरतीच्या वेळा

गुरुवार. भरती सकाळी ८:१०

मावसबहीण आणि तिचा लेक काल रात्री उशिरा पोचले. सकाळी साडेसहाला उठून बघते तर दोघंही गच्चीत. "ताई, तू रोज हे बघतेस?" तिनं विचारलं. मी "हो" म्हणाले. खरं तर त्या क्षणी माझं लक्ष गच्चीच्या दाराच्या बिजागरीकडे होतं. परवापरवा तेल घातलं होतं, तरी पुन्हा कुरकुरायला लागली आहे.

इथे राहायला आले त्या वर्षी मीही समुद्रच बघत होते. हल्ली गंज बघते. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं आणि लाटा फुटल्या की त्यातलं थोडं हवेत उडतं. उडालेले थेंब वाळतात, मीठ उरतं आणि ते कडीकोयंड्यापासून पंख्याच्या पात्यांपर्यंत सगळीकडे बसतं. बसून गप्प राहत नाही. हवेतली ओल ओढून घेतं आणि लोखंडाला कायम दमट ठेवतं. गच्चीचा कठडा स्टेनलेसचा करून घेतला तेव्हा "आता जन्मात बघायला नको" असं ऐकवण्यात आलं होतं. आठ महिन्यांत त्यावर चहा सांडून वाळल्यासारखे तांबूस डाग. मग कळलं की स्टेनलेसमध्येही जाती असतात. नेहमीची ३०४ खाऱ्या हवेत डागाळते. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो, ती जास्त टिकते. डाग पडले म्हणून कठडा लगेच कोसळत नाही म्हणा, पण दर पंधरा दिवसांनी गोड्या पाण्यानं धुवावा लागतो. आज धुवायचा वार होता. पाहुण्यांसमोर नको म्हणून ठेवला.

शुक्रवार. भरती सकाळी ९:१०

दुपारी तीनला भाचा वाळूत उभा राहून ओरडला, "मावशी, समुद्र कुठे गेला?"

काल संध्याकाळी जिथे त्याचे पाय भिजले होते तिथून पाणी चांगलं लांब गेलं होतं. त्याला घरी आणून फ्रिजवर लावलेला भरतीचा तक्ता दाखवला. चंद्र पृथ्वीभोवती पुढे सरकत राहतो, म्हणून पृथ्वीची एक गिरकी पुरी झाल्यावर त्याच्यासमोर यायला तिला आणखी साधारण पन्नास मिनिटं फिरावं लागतं. त्यामुळे भरती रोज तेवढी पुढे ढकलली जाते.

"म्हणजे समुद्र रोज उशिरा येतो?"

"हो."

"आणि त्याला कोण काही बोलत नाही?"

पन्नास मिनिटं ही सरासरी. उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या दिवसांत फरक चाळीसच्या आसपास येतो, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत तासाच्याही वर जातो. हे मात्र त्याला सांगितलं नाही. मला स्वतःला दीड वर्ष तक्त्याकडे बघून मग हे दिसलं. आता माझी बाहेरची कामं, फिरणं, एवढंच काय, पाहुण्यांना कधी बोलवायचं हेसुद्धा त्या तक्त्यावरून ठरतं. वाळूवर लांबवर चालायचं तर ओहोटी दिवसाउजेडी हवी ना.

शनिवार. भरती सकाळी १०:००

भाच्याचं नाक, कान आणि मान लालबुंद. दिवसभर ऊन लागल्याचं त्याला कळलंच नाही, आणि त्याचं कारण शाळेच्या भूगोलात सगळ्यांनी वाचलेलं असतं: खारे वारे. जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची थंड हवा आत येते. सकाळ सरता सरता सुरू होतं, दुपारी जोर धरतं, रात्री उलट फिरून मतलई वारे. परीक्षेत आकृती काढून मार्क मिळवले तरी अंगाला तो वारा लागला की ऊन नाहीच असं वाटतं. वर कोरडी वाळू अतिनील किरणांपैकी सुमारे १५ टक्के परत फेकते, फेसाळ पाणी सुमारे २५ टक्के. छत्रीखाली बसलेला माणूससुद्धा खालून भाजतो.

पण आज जीव घाबरला तो वेगळ्याच गोष्टीनं. लाटा फुटत होत्या आणि मधोमध एक पट्टा शांत होता, जरा गडद, फेस नाही. बहीण म्हणाली, "तिथे बरं आहे, तिथे उतरू." कुणालाही तसंच वाटेल. काठावर आलेलं पाणी परत आत जायला वाट शोधतं, ती वाट म्हणजे हा पट्टा. लाटा तिथे फुटत नाहीत, कारण तिथला तळ खोल असतो आणि ओढ आत असते. मी तिचा दंड धरला तो जरा जोरातच धरला असणार. मग दोघांनाही वाळूवर बसवून काठीनं आकृती काढली: ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेनं झगडायचं नाही, दमछाक होते आणि माणूस बुडतो. तरंगत राहायचं, हात वर करायचा, जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याच्या बाहेर पडायचं. आणि जीवरक्षक नसेल तिथे उतरायचंच नाही. बहीण थोडी नाराज झाली. सुट्टीवर आलेल्या माणसाला समुद्राबद्दल असं काही ऐकायचं नसतं. मीही दुसऱ्यांच्या किनाऱ्यावर गेले की ऐकत नाही.

रविवार. भरती सकाळी १०:४५

संध्याकाळी जुन्या वस्तीतून चालत गेलो. बहिणीला नवल वाटलं की जुनी घरं समुद्राकडे पाठ करून उभी आहेत. खिडक्या असल्या तर बारीक. ज्यांचा दिवस त्या पाण्यात जायचा त्यांना घरी आल्यावर ते समोर नको असेल, किंवा वारा नको असेल. मला दुसरं कारण जास्त खरं वाटतं.

समुद्राकडे तोंड करून बसणं तसं अलीकडचं. इंग्लंडमध्ये १७५० च्या सुमारास रिचर्ड रसेल नावाच्या डॉक्टरांनी समुद्राचं पाणी औषध म्हणून द्यायला सुरुवात केली, अंघोळीला आणि प्यायलाही, आणि ब्रायटन हे मच्छीमारांचं गाव श्रीमंत रोग्यांचं गाव होऊ लागलं. फ्रान्समधल्या नीसला गेले होते तेव्हा तिथल्या समुद्राकाठच्या लांबलचक रस्त्यावर निळ्या खुर्च्यांत बसून मीही तासन्‌तास बघत होते. त्या रस्त्याचं नावच 'इंग्रजांचा फेरफटका', प्रोमनाद देझांग्ले. १८२० च्या दशकात थंडीत मुक्कामाला येणाऱ्या इंग्रजांनी पैसे घालून पहिली वाट करून घेतली. थंडीत, हे महत्त्वाचं. त्या काळी तिथला मोसम हिवाळ्याचा होता. उन्हाळ्यात पाहुणे पळ काढत आणि हॉटेलं बंद होत. ऊन अंगावर घ्यायला म्हणून उन्हाळ्यात तिथे जाण्याची टूम १९२० च्या दशकातली. म्हणजे ज्या उन्हासाठी आज गर्दी होते, त्याच उन्हापासून लोक पळत होते.

तिथे माझी फजितीही झाली. पहिल्याच सकाळी सवयीनं विचारलं, भरती किती वाजता? समोरच्या बाईंनी मी काही तरी अगम्य बोलल्यासारखं पाहिलं. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटीतला फरक वीतभर. चार दिवस पाणी जिथल्या तिथे. सुंदर निळं, पण मला चुकल्यासारखं होत राहिलं, घड्याळ बंद पडलेल्या घरात राहिल्यासारखं.

इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधलं सेंट आइव्ह्ज उलट. तिथे उधाणाला फरक पाच-सहा मीटरांचा, ओहोटीला बंदरातल्या होड्या वाळूवर कलंडलेल्या. मोसम सरल्यावर गेले होते. रात्री एका गल्लीत उजेड असलेल्या खिडक्या मोजल्या. हाताच्या बोटांवर. दारांशेजारी आकड्यांच्या कुलपाच्या छोट्या पेट्या, आत किल्ल्या, पुढच्या पाहुण्यासाठी. याच गावानं २०१६ मध्ये मतदान घेऊन ठरवलं की नवं बांधलेलं घर कायम राहण्यासाठीच वापरायचं. नियम नव्या घरांपुरता. जुन्या घरांना तो लागू नाही, आणि मी खिडक्या मोजल्या ती सगळी जुनीच.

आमच्या गल्लीतही समोरची तीन घरं आता पाहुण्यांची आहेत. दर शनिवारी नवे चेहरे, नव्या उत्साहानं "किती छान आहे ना" म्हणणारे. वाईट कुणीच नाहीत. पण रात्री अडीचला वाऱ्यानं पत्रा उडायला लागला तर कुणाचं दार वाजवायचं हा प्रश्न खरा आहे. हे सगळं बहिणीला सांगताना मध्येच थांबले, कारण मी स्वतः सेंट आइव्ह्जला तशाच एका पेटीतून किल्ली काढून राहिले होते. तिला ते लक्षात आलं नाही, किंवा आलं आणि ती बोलली नाही.

सोमवार. पौर्णिमा. भरती सकाळी ११:२५

दोघं सकाळच्या गाडीनं गेले. भाच्याला उधाण बघायचं होतं, पण ते पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी जास्त चढतं. तरी निघताना त्यानं तक्त्याचा फोटो काढून नेला.

कठडा धुतला.

पुढचा मंगळवार. भरती संध्याकाळी ६:००

सात दिवसांत काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं घडलं नाही, एक कुलूप बदललं एवढंच.

आत्ता सहाला भाच्याचा फोन. "मावशी, भरती झाली ना? तक्त्यात आहे."

"झाली असेल. पण आज अष्टमी, भांगाची भरती. पाणी फार वर यायचं नाही."

"असेल म्हणजे? तू बघितलं नाहीस?"

मी स्वयंपाकघरात होते. खिडकी बंद होती.

"तू बघ आणि सांग रंग कसा आहे. आई विचारतेय."

फोन कानाला धरूनच जिना चढले. गच्चीचं दार फुगलेलं, बिजागरी घट्ट. आठवडाभरात उघडलंच नव्हतं बहुतेक. एकदा ढकललं, दोनदा ढकललं, तिसऱ्यांदा खांदा दिला तेव्हा उघडलं.

"हं, सांग."

"करडा आहे," मी म्हणाले. "नाही, थांब. करडा नाही."